शब्दांची विचारपूस : फरांग, पाव आणि वन्स मोअर

प्रश्न : नमस्कार ताई. बँकॉकला फळांच्या गाडीवर एक बाई माझ्या फ्रेंच जावयाकडे बघून 'फरांग' म्हणाली आणि मग पेरूची पिशवी पुढे करून परत 'फरांग'च म्हणाली. ती चेष्टा करत होती का? (ठाणे)

उत्तर : अजिबात नाही, मनाला लावून घेऊ नका. थाईमध्ये गोऱ्या माणसाला फरांग म्हणतात आणि पेरूलाही फरांगच म्हणतात, कारण ते फळही बाहेरून आलेलं. तुम्हाला मिळाला असेल तो हिरवा, करकरीत पेरू, फोडी केलेला, आणि सोबत मीठ-साखर-मिरचीची पुडी, बरोबर ना? बटाटा म्हणजे तिकडे 'मान फरांग', गोऱ्यांचा कंद. बऱ्याच जणांना वाटतं की फ्रान्सला थाईत 'फरांगसेत' म्हणतात त्याचाच हा शॉर्टफॉर्म, पण अयुथ्यामध्ये (थायलंडची जुनी राजधानी, हे नाव आपल्या अयोध्येवरूनच गेलंय) फ्रेंच लोक पोचायच्या आधीपासून इराणी व्यापारी होते, त्यामुळे तो फारसीतून आला हेच मला जास्त पटतं. फ्रँक नावाची जमात, लॅटिनमध्ये फ्रांकुस, त्यावरून अरबी-फारसीत फरंग, आणि तिथून आपल्याकडे फिरंगी. आपण तर युरोपातून आलेल्या पात्याच्या तलवारीलाही फिरंग म्हणायचो.

आणि एक गंमत सांगते, आपली विलायती चिंच थाईत 'माखाम थेत' आहे, म्हणजे परदेशी चिंच, झाड तेच आणि नावामागचा विचारही तोच. त्यातला 'थेत' म्हणजे आपला 'देश' बरं का, तिकडे जाऊन त्याचा अर्थ परदेश झाला!

प्रश्न : थाई मैत्रीण 'महाविथयालाय'मध्ये शिकवते म्हणाली, म्हणजे कॉलेजात ना? (नागपूर)

उत्तर : नाही, विद्यापीठात. कॉलेज म्हणजे नुसतं 'विथयालाय'. शब्द आपला वाटला तरी अर्थ विचारूनच घ्यायचा, कारण तिकडे 'सुखा' अशी पाटी दिसली तर ते टॉयलेट असतं.

प्रश्न : पूर्वी पीठ पायाने तुडवायचे म्हणून 'पाव', असं आजी सांगायची. खरं आहे का? (सावंतवाडी)

उत्तर : ही गोष्ट मीही लहानपणापासून ऐकलीय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण त्या बिचाऱ्या शब्दाचा पायाशी काही संबंध नाही. पोर्तुगीजमध्ये ब्रेडला 'पाँव' म्हणतात, नाकातून उच्चारायचं, आणि तो आला लॅटिन 'पानिस'वरून. गोव्यात सकाळी सायकलवर भोंगा वाजवत येतो तो पोदेर, तोही पोर्तुगीज 'पादेइरो', म्हणजे पाववाला. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, पुढच्याच वर्षी मलाक्का (आताच्या मलेशियातलं बंदर), आणि त्याच वर्षी त्यांचा दूत अयुथ्याच्या दरबारात पोचला. आता थाईत ब्रेडला काय म्हणतात बघा, 'खनोम पांग'. खनोम म्हणजे खाऊ आणि पांग म्हणजे तोच आपला पाव! काही जण म्हणतात की हा पांग फ्रेंच 'पँ'वरून आलाय, पण तोसुद्धा पानिसचाच नातू, त्यामुळे कुठूनही गेलात तरी मूळ एकच. इंग्रजीतला 'कंपॅनियन' पण ह्याच घरातला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ज्याच्यासोबत आपण भाकरी खातो तो. आपल्याकडे 'एका ताटात जेवणारे' म्हणतो ना, तसंच. आजीला हे जरूर वाचून दाखवा.

प्रश्न : नाटकाला मी 'वन्स मोअर' ओरडलो तर मुलगी म्हणाली, बाबा, हे चुकीचं इंग्लिश आहे, 'आँकोर' म्हणतात. खरंच चुकलो का? (सांगली)

उत्तर : तुम्ही काहीही चुकला नाहीत. आँकोर हा शब्द फ्रेंच, अर्थ 'पुन्हा' किंवा 'अजून', आणि तो ओरडतात इंग्रज. खुद्द फ्रेंच प्रेक्षक ओरडतात 'बिस', आणि तो आहे लॅटिन, अर्थ 'दोनदा'. म्हणजे इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांनी लॅटिनमधून घेतला आणि आपण इंग्रजीतून घेतला, मग चूक फक्त आपलीच कशी? बालगंधर्वांच्या पदांना रात्र-रात्र वन्स मोअर मिळायचे, तो आता मराठी शब्द आहे. पद संपतं, मागच्या रांगेतून कुणीतरी 'वन्स मोअर' म्हणतं, ऑर्गनवाला पट्ट्यांवरचे हात न काढता गायकाकडे बघतो, आणि सगळ्या थिएटरला कळतं आता काय होणार. ह्या क्षणाला 'आँकोर' म्हणून बघा, जमणारच नाही.

मुलीला अजून एक सांगा. बिस्किटातला 'बिस' हाच, दोनदा भाजलेलं ते बिस्किट, त्या हिशोबाने चहात बुडवतो तो आपला टोस्टच खरं बिस्किट. आणि हा बिस आपल्या संस्कृत 'द्विः'चा सख्खा भाऊ आहे.