मराठी माध्यमातल्या मुलीने नर्सिंगच्या प्रवेशाआधी आयईएलटीएस द्यावी का?

आपण कळव्याहून विचारले आहे की, मुलगी मराठी माध्यमातून शिकून विज्ञान शाखेतून बारावी झाली आहे, तिला बी.एस्सी. नर्सिंग करायचे आहे आणि ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासने प्रवेशाआधीच आयईएलटीएस ही इंग्रजीची आंतरराष्ट्रीय परीक्षा देऊन ठेवायला सांगितले आहे, तर तसे करावे का. माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. मीही ठाण्यातल्या मराठी शाळेतून आले, नवी मुंबईत स्टाफ नर्स म्हणून काम केले आणि या परीक्षांच्या वाटेने गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

इथल्या प्रवेशासाठी अशा कोणत्याही परीक्षेची अट नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुण लागतात आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. राज्याच्या सीईटीत इंग्रजीचे प्रश्न असतात, पण त्यांसाठी बारावीचा अभ्यास नीट केलेला पुरतो.

आयईएलटीएस किंवा ओईटी (आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा) यांचा प्रश्न येतो तो परदेशात नोंदणी करताना, आणि तिथे या निकालाची मुदत साधारणपणे दोनच वर्षे धरली जाते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे आहे. म्हणजे आज मिळवलेला स्कोअर मुलगी तिसऱ्या वर्षाला पोहोचेपर्यंत बाद झालेला असेल, आणि त्यासाठी भरलेली फी वाया जाईल. परदेशातल्या विद्यापीठातच पदवीला प्रवेश घ्यायचा असेल तरच आता परीक्षा देण्याला अर्थ आहे.

पुढे ब्रिटनला जायचे ठरले, तर तिथली नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत ७, तर लेखनात ६.५ बँड मागते. ओईटी दिल्यास पहिल्या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस श्रेणी लागते. मी आधी आयईएलटीएस दिली आणि लेखनात ६ वर अडकले, कारण आलेखाचे वर्णन आणि सर्वसाधारण विषयावरचा निबंध यांचा मला सरावच नव्हता. ओईटीत मात्र रुग्णाच्या केस नोट्स देतात आणि ४५ मिनिटांत, त्यातली पहिली पाच वाचनासाठी, पुढे काळजी घेणाऱ्याला पत्र लिहायला सांगतात. हे काम आपले वाटते, तरी त्यात एक अडचण आहे. वॉर्डमध्ये आपल्याला सगळे नोंदवायची शिस्त लागलेली असते, त्यामुळे माझ्या सरावाच्या पत्रांत दहा वर्षांपूर्वीचे अपेंडिक्सचे ऑपरेशनही यायचे आणि जखमेचे ड्रेसिंग कधी बदलायचे हे शेवटी कुठेतरी सापडायचे. पत्र वाचणाऱ्या नर्सला उद्या सकाळी काय करायचे आहे, एवढे आधी ठरवून मग लिहायला मला तीन महिने लागले.

म्हणून क्लासचे पैसे आज राखून ठेवा, पण इंग्रजी पुढे ढकलू नका. अभ्यासक्रमाचे माध्यम इंग्रजीच आहे आणि मराठी माध्यमातल्या मुली पहिल्या सत्रात गप्प बसतात, हे मी वारंवार पाहिले आहे. त्या हुशार असतात, फक्त चुकायला घाबरतात. आपल्या मुलीला बारावीच्या जीवशास्त्राचे पुस्तक मोठ्याने वाचायला सांगा. क्लिनिकल ड्यूटी सुरू झाली की हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या नर्सला देण्याच्या वेळी सीनियर सिस्टरच्या शेजारी उभे राहून ऐकू दे, आणि रोज एका रुग्णाबद्दल, नाव न लिहिता, पाच वाक्ये इंग्रजीत लिहू दे. आमच्याकडे केरळच्या अनेक सिस्टर होत्या. त्यांचे उच्चार समजून घेता घेता माझे कान जितके तयार झाले, तितके कोणत्याही ध्वनिफितीने झाले नाहीत.

परीक्षेची तारीख मात्र पदवी आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आल्यावर, परदेशी अर्जाचे नक्की झाले की मगच घ्या.