कारवीचा मध यंत्रातून निघत नाही, तो भेसळीचा समजायचा का?

प्रश्न (जावळी तालुक्यातील एक मधपाळ) : कारवीच्या फुलोऱ्यात सातेरी माश्यांच्या पेट्या चांगल्या भरल्या, पण फ्रेम यंत्रात कितीही फिरवल्या तरी मध सुटेना. व्यापारी म्हणतो, इतका आळलेला मध म्हणजे भेसळ. पुतण्याने स्कॉटलंडहून हीदर नावाच्या झुडपाचा मध आणला आहे, तोही असाच जेलीसारखा, आणि किंमत मात्र भलतीच. हीदरची रोपे आपल्याकडे लावता येतील का? हा मध माश्यांना आणि माणसांना जास्त चांगला असतो का?

उत्तर : व्यापाऱ्याचे बोलणे मनावर घेऊ नका. तुमची बरणी आणि पुतण्याची बरणी शेजारी ठेवून उपडी करा. मध जागचा हलणार नाही. आता चमच्याने चांगला घोटा, पातळ होऊन धार लागेल. परत ठेवून द्या, काही वेळाने पुन्हा आळेल. मधातल्या विशिष्ट प्रथिनांमुळे असे होते आणि हा गुण फार थोड्या फुलांच्या मधात असतो. हीदर त्यात प्रसिद्ध, आणि आपली कारवीही त्यातलीच. आपल्या संशोधकांनी १९५० च्या दशकातच ते नोंदवून ठेवले आहे. अर्थात आळला म्हणजे शुद्धच, असेही नाही. खात्रीसाठी प्रयोगशाळेत परागकणांची आणि साखरेची तपासणी करून घ्या.

अहवाल आल्यावर एक आकडा नीट पाहा. एफएसएसएआयच्या (भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) मानकात साध्या मधाला सुक्रोज, म्हणजे उसात असते ती साखर, ५ टक्क्यांपर्यंत चालते, कारवीच्या मधाला १० पर्यंत. नमुन्यावर 'कारवी' लिहिले नसेल तर चांगला मध उगाच नापास व्हायचा. युरोपात हीदरलाही अशीच सवलत आहे, पण ती पाण्याची : इतर मधाला २० टक्के, हीदरला २३. आपल्याकडे पाण्याची सवलत कारवीला नाही, मर्यादा २० च. पावसाच्या शेपटाला मध पातळ राहतो आणि लवकर आंबतो. म्हणून माश्यांनी मेणाने पूर्ण बंद केलेल्या फ्रेमच काढा, घाई नको.

आता काढायचे कसे? स्कॉटलंड-यॉर्कशायरचे मधपाळ ऑगस्टच्या सुरुवातीला पेट्या माळरानावर नेतात, कारण हीदर ऑगस्ट-सप्टेंबरातच फुलते. तिथेही मध नुसत्या यंत्राने सुटत नाही. बोथट सुयांचे अवजार प्रत्येक कप्प्यात खुपसून मध हलवतात आणि लगेच फिरवतात, नाहीतर पोळे दाबून काढतात. तुम्हीही झाकणे कापल्यावर बोथट खिळ्यांचा ब्रश फ्रेमवर हलक्या हाताने दाबा आणि तशीच फ्रेम यंत्रात घाला. थांबलात की मध पुन्हा आळलाच. सातेरीचे पोळे नाजूक असते, जोर केला की फाटते. ते जमत नसेल तर पोळे कापून स्वच्छ फडक्यातून पिळा. पण मग मेण पुन्हा बांधायला माश्या बराच मध खर्च करतात, हे धरून चाला. मध सुटावा म्हणून फ्रेम चुलीजवळ ठेवू नका, मेण वितळते आणि मधाचा वास जातो. मला विचाराल तर निम्म्या फ्रेममधला मध पोळ्यासकट तुकडे करून डब्यात विका. हीदरचा मधही तसा विकला जातो, आणि भेसळीची शंका तिथल्या तिथे मिटते.

हीदर लावायचा विचार सोडा. तिला थंड हवा आणि आम्लधर्मी, निकस, कुजट दलदलीची जमीन मानवते. माती आम्ल आहे म्हणून जांभ्यावर ती आपला पाऊस आणि मग उन्हाळा काढेल, असे मला वाटत नाही. शिवाय परक्या झुडपाचे काय होते ते न्यूझीलंडमध्ये पाहा : टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानात शिकारीच्या पक्ष्यांसाठी १९१२ पासून हीदर लावली, आज तेच तिथले मोठे तण आहे. त्यापेक्षा बांधावरची जांभूळ, हिरडा, गेळा तोडू नका. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून वाळते. मधल्या वर्षांत पेट्या जगवतात त्या याच झाडांनी.

माश्यांच्या बाबतीत एक गोष्ट खरी आहे. हीदरच्या मकरंदातले कॅल्युनीन हे द्रव्य भुंग्यांच्या (बंबलबी) आतड्यातल्या एका परजीवीला रोखते, असे ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. ते भुंग्यांबद्दल आहे, मधमाश्यांबद्दल नाही. उलट लांब हिवाळ्यात नुसत्या हीदरच्या मधावर राहिलेल्या माश्यांना हगवण लागते, अशी तिकडच्या काही मधपाळांची तक्रार असते. तुमच्या माश्यांसाठी मुद्दा साधा आहे : कारवीचा सगळा मध काढून घेऊ नका, पिलावा कक्षातला (अंडी-पिले असतात त्या भागातला) तर अजिबात नाही. खायला नसले की सातेरी पेटी सोडून जाते.

माणसांचे म्हणाल तर गडद मधात खनिजे आणि अँटीऑक्सिडंट थोडी जास्त असतात, त्याला औषध म्हणून विकू नका. मधुमेहींना तो साखरच. एक वर्षाखालच्या बाळाला कोणताही मध देऊ नये, घुटीतूनसुद्धा नाही.