ओढ्यातला ऑक्सिजन चांगला, पण तळाशी फक्त लाल अळ्या: विश्वास कशावर ठेवायचा?

तुम्ही म्हणताय, दुपारी किटने ओढ्याचं पाणी तपासलं तर विरघळलेला ऑक्सिजन भरपूर आला, पण तळाशी लाल अळ्या आणि बारीक गांडुळांखेरीज काहीच मिळालं नाही. माझा कल अळ्यांकडे आहे. पण आधी सांगा, नमुना घेतला कुठून? डोहातला मऊ गाळ उपसला असेल तर स्वच्छ ओढ्यातही हेच दोघं भेटतील. गाळात ऑक्सिजन मुळातच कमी असतो, आणि त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे (लाल रंग त्याचाच) त्यांचं तिथे भागतं.

खळाळातल्या दगडांखालीही एवढंच असेल, तर मात्र लक्षण वाईट आहे. तरी किटचा आकडा खोटाच असेल असं नाही. सांडपाणी मिळणाऱ्या ओढ्यात शेवाळ माजतं. भर उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे दुपारचा आकडा फुगतो. रात्री तेच शेवाळ आणि जिवाणू मिळून तो ओढून घेतात. सगळ्यात कमी पातळी पहाटे, उजाडायच्या जरा आधी असते. त्यामुळे एक मोजणी त्या वेळी कराच. स्टोनफ्लाय या भरपूर ऑक्सिजन लागणाऱ्या कीटकाची पिल्लं महिनोन्‌महिने पाण्यात काढतात, काही जातींची तर वर्षाहून जास्त, आणि त्यातली एकही रात्र त्यांना टाळता येत नाही.

आता नमुना नीट घेऊ. सुमारे 25 सेंमी रुंद चौकटीची, 0.5 मिमी छिद्रांची जाळी घ्या. तोंड प्रवाहाकडे करून ती तळाला टेकवा आणि तिच्या वरच्या अंगाचे दगडगोटे टाचेने ढवळा. एकूण 3 मिनिटं ढवळायचं, पण एकाच जागी नाही: खळाळ, काठचं गवत, मुळं, पाचोळा यांत, जे जितकं असेल त्या हिशोबाने वेळ वाटा. खालून वर सरकत जा, म्हणजे तुमच्याच पायांनी पुढची जागा बिघडत नाही. काही मोठे दगड हातात घेऊन जाळीच्या तोंडाशी चोळा. दगडाला चिकटलेली कॅडिसफ्लायची घरटी आणि चपट्या मेफ्लाय (दोन्ही पिल्लपणी पाण्यात राहणारे कीटक) लाथेने सुटत नाहीत. जाळी गाळाने बुजली की पाणी तोंडातूनच उलटं फिरतं आणि पकडलेलं निसटतं, म्हणून ती मध्येच धुऊन घ्या.

पांढऱ्या ट्रेमध्ये बोटभर पाण्यात नमुना पसरा आणि थोडं थांबा. इथे चूक होते ती डोळ्यांची: मोठं आणि वळवळणारं तेवढंच उचललं जातं. ट्रेचे चौकोन पाडा, चिठ्ठी टाकून काही निवडा आणि तेवढे पूर्ण रिकामे करा. चतुराची पिल्लं लगेच वेगळी काढा, नाहीतर ती बाकीच्यांना खातात. पाणी तापून ऑक्सिजन उतरला की काही स्टोनफ्लाय पाय रोवून जोर काढल्यासारखं अंग खालीवर करतात. तसं दिसलं की ट्रेतलं पाणी बदला. साठवायचं असेल तर 70 टक्के इथेनॉल लागतं, पण ओला नमुना ते पातळ करतो. म्हणून आधी 95 टक्क्यांचं भरा आणि दुसऱ्या दिवशी बदला.

ओळखताना शेपट्या मोजून थांबू नका. मेफ्लायला बहुधा 3 असतात, पण काहींना 2 असतात, आणि तिथेच ती स्टोनफ्लाय समजली जाते. भिंगाखाली पाय पाहा: मेफ्लायच्या पावलाला एक नखी, स्टोनफ्लायच्या पावलाला दोन. मेफ्लायच्या पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांची रांगही दिसते.

सापडलेल्या प्रत्येक कुळाला गुण द्यायला बीएमडब्ल्यूपी नावाचा तक्ता वापरतात; प्रदूषण जितकं कमी सोसवतं तितके गुण जास्त. त्याच्या मूळ रूपात चपट्या मेफ्लायच्या हेप्टाजेनिडी कुळाला 10, बीटिडी कुळाला 4, लाल अळ्यांच्या कायरोनॉमिडी कुळाला 2 आणि गांडूळवर्गीयांना 1 गुण आहे. बेरजेला कुळांच्या संख्येने भागून येणारी सरासरी मला जास्त भरवशाची वाटते, कारण नुसती बेरीज जास्त वेळ शोधल्यानेही वाढते. पण तो तक्ता ब्रिटनमधल्या नद्यांसाठी बनला. उष्ण प्रदेशात तिथलं सुधारित रूप घ्या.

गुणांपेक्षाही बोलका असतो तो संख्येचा नमुना. प्रकार मोजके, पण डोकी बेसुमार असतील तर सेंद्रिय सांडपाणी. प्रकारही कमी आणि डोकीही कमी असतील तर विषारी काहीतरी, किंवा नुकताच पूर येऊन गेलेला. कीटक आणि झिंग्यांसारखे जीव गायब, पण गोगलगायी आणि गांडुळं शाबूत असतील तर कीटकनाशकाचा संशय घ्या. शिवाय मेफ्लाय पंख फुटून उडून गेल्या असतील तरी पिल्लं दिसत नाहीत, तो प्रदूषणाचा पुरावा नव्हे. यावर उपाय एकच: संशयित नाल्याच्या वर आणि खाली, त्याच दिवशी, तशाच खळाळात, तेवढाच वेळ, दोन्हीकडे किमान तीन-तीन नमुने. एकट्या नमुन्यावरून मी कुणावर आरोप करणार नाही.

ओढा पुढे समुद्राला मिळतो तिथेही हेच चालेल का, असंही विचारलंत. तक्ता चालणार नाही, विचार चालेल. समुद्रतळाच्या गाळात सांडपाण्याच्या तोंडाशी जीव जवळजवळ नसतात. जरा दूर कॅपिटेला नावाच्या छोट्या वलयी कृमींची दाटी होते. आणखी दूर गेल्यावर खोल बिळं करणारे मोठे जीव येतात. पिअरसन आणि रोझेनबर्ग या संशोधकांनी 1978 मध्ये हा क्रम मांडला. तिथे 0.1 चौरस मीटरच्या ग्रॅबने (तळाचा गाळ जबड्यासारखा उचलणाऱ्या साधनाने) गाळ काढून 1 मिमी चाळणीवर धुतात, 0.5 मिमीची वापरली तर लहान कृमी निसटत नाहीत, पण निवडायला वेळ बराच जातो. ओढ्याच्या मुखाजवळ मात्र खारटपणा भरती-ओहोटीबरोबर बदलत राहतो, आणि तेवढ्यानेच प्रकार कमी होतात. म्हणून तिथले दोन नमुने ताडून पाहताना दोन्हीकडचा खारटपणा सारखा आहे ना, ते आधी मोजा.