अवनी म्हणजे धरती, पण त्याच्याही आधी नदी

यावलकडच्या एका ताईंनी विचारलंय, भाचीचं बारसं पुढच्या आठवड्यात आहे, आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान त्यांचा, नाव ठरलंय ‘अवनी’. तर अवनी म्हणजे धरतीसारखी सोशिक हाच अर्थ ना, आणि लिहायचं अवनि की अवनी?

ताई, धरती बरोबर. पण हे सोशिक कुठून आलं? इतक्या बारशांना ऐकलंय मी हे की आता चीड येते. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, पृथ्वीची नावं ओळीने दिलीयेत, त्यात ‘क्ष्मावनिर्मेदिनी मही’ असा तुकडा येतो, म्हणजे क्ष्मा, अवनि, मेदिनी, मही. आणि त्याच्या आधीच्याच ओळीत ‘सर्वंसहा’ हे नाव वेगळं दिलंय. सगळं सहन करणारी ती सर्वंसहा. ज्यांना सोशिक मुलगी हवीये त्यांनी ते नाव ठेवावं, अवनीवर ते ओझं टाकू नये, चार दिवसांचं लेकरू ते, आत्तापासून काय सोसायला सांगताय तिला.

आता खरी गंमत. ऋग्वेदात अवनि हा शब्द येतो तो नदीसाठी, नदीचा प्रवाह किंवा तो ज्यातून वाहतो ते पात्र. ५व्या मंडलात वरुणाचं एक सूक्त आहे, त्यात म्हटलंय की इतक्या अवनी पाणी ओतत राहतात तरी तो एक समुद्र काही भरत नाही. तिथे धरती हा अर्थ घालून बघा बरं, बसतो का? निघंटू म्हणजे वैदिक शब्दांची जुनी यादी, त्यात हा शब्द तीन ठिकाणी सापडतो, पृथ्वीच्या नावांत, नद्यांच्या नावांत आणि हाताच्या बोटांच्या नावांत! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अर्धा तास पुस्तक पुढे सरकवलंच नव्हतं.

नदी आणि बोटं एका शब्दात कशी? निघंटूतल्या शब्दांची फोड करणारा जुना ग्रंथ म्हणजे निरुक्त, त्यात त्याचा कर्ता यास्क सांगतो, बोटं कामांचं रक्षण करतात (‘अवन्ति कर्माणि’) म्हणून ती अवनी. मला हे ओढूनताणून वाटतं. यास्क मोठा माणूस, पण धातू (शब्दाचं क्रियावाचक मूळ) हातात आला की कुठलाही अर्थ त्याच्यात कोंबायचा ही त्याची सवयच आहे. आणि नावांच्या याद्या करणारे आजही तेच करतात, अव् म्हणजे रक्षण, म्हणून अवनी म्हणजे रक्षण करणारी, झालं. अहो, धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, अव् चे १९ अर्थ दिलेत, रक्षण हा पहिला आणि गती हा लगेच दुसरा! यादीवाले पहिल्यावरच थांबतात. आणि उणादिसूत्रांत, म्हणजे धातूला प्रत्यय लावून शब्द कसे होतात ते सांगणाऱ्या व्याकरणाच्या सूत्रांत, ज्या प्रत्ययाने अवनि सिद्ध केलाय त्याच प्रत्ययाने सरणि आणि धमनि पण होतात. सरणी म्हणजे वाट, धमनी म्हणजे जिच्यातून रक्त वाहतं ती. मग या दोघींची सख्खी बहीण रक्षण करत बसेल का वाहील?

माझं स्वतःचं मत याच्याही पुढचं आहे. मला यात ‘अव’ म्हणजे खाली हा उपसर्गच दिसतो, अवतरण, अवरोह यातला. वेदात विहिरीला अवत म्हणतात, खोल गेलेली ती. तशी खाली उताराला धावते ती अवनि. व्याकरणवाले नाही म्हणतील, म्हणू देत.

बोटांचं कोडं मला सुटलं ते साक्री तालुक्यात पांझरा नदीवरचा फड, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची जुनी पद्धत, बघताना. तिथे नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि पाटकरी एकेका शेताला पाळीने पाणी सोडतो. उंचावर उभं राहून बघा, मनगटापासून फुटलेली बोटंच दिसतात. शब्द करणाऱ्या माणसाने असंच काहीतरी पाहिलं असणार असं मला ठामपणे वाटतं. आणि नदीची पुढे धरती कशी झाली हे तर यावल-रावेरवाल्याला सांगायलाच नको, तुमच्या केळीच्या बागांखाली विहीर खणताना गाळच गाळ लागतो, खडक लवकर येतच नाही. ती जमीन तापीनेच आणून टाकलेली आहे, म्हणजे आपल्याकडे आधी नदी आणि मग धरती, शब्दाचा प्रवासही तसाच.

हां, लिहायचं कसं ते राहिलंच. संस्कृतात अवनि आणि अवनी दोन्ही चालतात, मराठीत शेवटचा इकार दीर्घ, म्हणून अवनी. समासात मात्र ऱ्हस्व, अवनितल, जसं कवी पण कविराज. आणि इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला दोन ‘ए’ लावायचं जे खूळ आलंय ते कृपा करून करू नका, शाळेत मास्तर सरळ आवनी वाचतील. आवणी म्हणजे भाताची लावणी, आणि आपल्या अहिराणीत ण चा न होतो, तेव्हा ऐकणाऱ्याला फरकही कळणार नाही. जन्मदाखल्यावर आधी मराठी नाव नीट लिहून घ्या, अ ऱ्हस्व, नी दीर्घ.