वाचकांचे प्रश्न : पक्षाच्या मंचावरून पक्षालाच आव्हान

प्रश्न : २००७ मधील एक जुनी चित्रफीत पाहण्यात आली. रिपब्लिकन पक्षाचे दहा इच्छुक मंचावर उभे आहेत आणि त्यांच्यातील रॉन पॉल नावाचे गृहस्थ आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी सुरू केलेल्या इराक युद्धावर टीका करीत आहेत. पक्षाने त्यांना तिथे उभे तरी कसे राहू दिले? आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी निलंबनाचे पत्र हातात पडले असते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्याकडे उमेदवारी म्हणजे एबी फॉर्म, आणि तो कोणाच्या हाती द्यायचा हे पक्षश्रेष्ठी ठरवितात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षीय उमेदवार राज्याराज्यांत होणाऱ्या प्रायमरी (पक्षांतर्गत मतदान) आणि कॉकस (पक्षाच्या मतदारांच्या स्थानिक बैठका) यांतून मतदार निवडतात, आणि बहुतेक राज्यांत ठरावीक शुल्क भरले किंवा पुरेशा सह्या गोळा केल्या की मतपत्रिकेवर नाव येते. पॉल तेव्हा टेक्सासचे काँग्रेस सदस्य होते, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध बळाचा वापर करण्याच्या ठरावाला प्रतिनिधिगृहात विरोध करणाऱ्या सहा रिपब्लिकनांपैकी ते एक होते. पक्षाच्या भूमिकेविरुद्ध मत दिले म्हणून सदस्यत्व जावे, अशी आपल्या पक्षांतरबंदीसारखी तरतूद तिथे नाही. त्यांची जागा त्यांच्या मतदारसंघाच्या हाती होती आणि तो त्यांना निवडून देत राहिला.

चित्रफितीतील प्रसंग १५ मे २००७ रोजी साउथ कॅरोलायनातील कोलंबिया येथे झालेल्या, फॉक्स न्यूजने प्रक्षेपित केलेल्या वादसभेतला आहे. पॉल यांनी म्हटले की अमेरिका दहा वर्षे इराकवर बॉम्बफेक करीत होती, आपण परक्यांच्या भूमीवर जाऊन बसलो आहोत, आणि ज्यांनी आपल्यावर हल्ला केला त्यांनी दिलेली कारणे ऐकून तरी घ्यायला हवीत. ११ सप्टेंबरचा हल्ला आपण ओढवून घेतला असे तुम्हाला सुचवायचे आहे का, असा थेट प्रश्न सूत्रसंचालकांनी केला. तेवढ्यात दुसरे एक इच्छुक, न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी यांनी मध्येच बोलण्याची परवानगी मागितली; असले स्पष्टीकरण आपण आजवर ऐकले नव्हते, असे सांगून पॉल यांनी विधान मागे घ्यावे, अशी मागणी त्यांनी केली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पॉल यांनी विधान मागे घेतले नाही. १९५३ मध्ये इराणमध्ये अमेरिकेने घडवून आणलेल्या सत्तापालटाचा दाखला देऊन, गुप्त कारवायांचे परिणाम पुढे आपल्यावरच उलटतात हा सीआयएचाच सिद्धान्त आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

मात्र त्याच रात्री ते याच्या आधी जे बोलले होते, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. कोरियातील युद्ध संपविण्यासाठी लोकांनी आयझेनहॉवर यांना निवडले, सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट यांना तर नाटोमध्येही जायचे नव्हते, आणि २००० मध्ये स्वतः जॉर्ज बुश यांनी नम्र परराष्ट्रधोरणाचे व इतर देशांची घडी बसविण्याच्या भानगडीत न पडण्याचे आश्वासन देऊन मते मागितली होती, अशी आठवण त्यांनी पक्षाला करून दिली. म्हणजे ते बंडखोराची भाषा बोलतच नव्हते. वाट तुम्ही सोडलीत, मी जुन्याच वाटेवर आहे, असा त्यांचा दावा होता. पक्षाबाहेरच्या टीकाकाराला शत्रू म्हणून मोडीत काढता येते, पण पक्षाच्याच वाडवडिलांची नावे घेऊन बोलणाऱ्याला उत्तर देणे अवघड जाते, आणि बहुधा म्हणूनच त्याला उत्तर देण्यापेक्षा त्याच्यावर संतापणे सोयीचे ठरते. सभेनंतर मिशिगन राज्यातील रिपब्लिकन अध्यक्षांनी पॉल यांना पुढील सभांतून वगळण्यासाठी सह्या गोळा करण्याचा विचार बोलून दाखविला. विरोध झाल्यावर तो विचार बारगळला.

प्रश्न : पण याचा शेवटी उपयोग काय झाला? पॉल २००८ मध्येही हरले आणि २०१२ मध्येही. असे उमेदवार म्हणजे केवळ करमणूक नव्हे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या प्रश्नातील हिशेब खरा आहे, परंतु तो अपुरा आहे. त्याच वर्षीच्या आणखी एका प्रसंगाशी तुलना केली तर मुद्दा स्पष्ट होईल. कोलंबियाच्या सभेच्या तीन आठवडे आधी, २६ एप्रिल रोजी, त्याच राज्यातील ऑरेंजबर्ग येथे डेमोक्रॅटिक पक्षाची सभा झाली. तिथे अलास्काचे माजी सिनेटर माइक ग्रॅव्हल उभे होते. १९७१ मध्ये पेंटागॉन पेपर्सचा, म्हणजे व्हिएतनाम युद्धाविषयीच्या गुप्त सरकारी कागदपत्रांचा, मजकूर सिनेटच्या उपसमितीत वाचून तो अधिकृत नोंदीत आणणारे हेच ते गृहस्थ. इराणबाबत सगळे पर्याय खुले आहेत, असे आपले सहकारी म्हणतात त्याचा अर्थ अण्वस्त्रे असा होतो आणि ही मंडळी आपल्याला घाबरवितात, असे ते म्हणाले. शेवटी मंचावरचेच एक इच्छुक बराक ओबामा यांच्याकडे वळून, तुम्हाला अणुबॉम्ब नेमका कोणावर टाकायचा आहे, असे त्यांनी विचारले. सध्या तरी कोणावरही टाकण्याचा बेत नाही, असे ओबामांनी हसत सांगितले. सभागृहही हसले आणि विषय तिथेच संपला.

ग्रॅव्हल यांचा प्रश्न पॉल यांच्या प्रश्नाइतकाच गंभीर होता. पण ओबामांनी तो हसण्यावारी नेला, तर जुलियानींनी पॉल यांच्यावर संताप केला, आणि त्या संतापाने पॉल यांना वर्षभर पुरेल एवढी प्रसिद्धी मिळवून दिली. ५ नोव्हेंबर २००७ या एका दिवसात समर्थकांनी इंटरनेटवरून त्यांच्यासाठी ४० लाख डॉलरहून अधिक निधी जमविला, तर १६ डिसेंबरला सुमारे ६० लाख. टाळ्या मिळविणारे जुलियानी एकही प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरविणारा मतदार) न जिंकता ३० जानेवारी २००८ रोजी स्पर्धेतून बाहेर पडले, आणि पॉल जूनपर्यंत रिंगणात राहिले.

तरीही खरा परिणाम पाहायला नऊ वर्षे थांबावे लागले. १३ फेब्रुवारी २०१६ रोजी, पुन्हा साउथ कॅरोलायनातच, ग्रीनव्हिल येथे रिपब्लिकन इच्छुकांची सभा झाली. इराक युद्ध ही मोठी घोडचूक होती आणि इराककडील कथित संहारक अस्त्रांबाबत लोकांशी खोटे बोलले गेले, असे डॉनल्ड ट्रम्प यांनी जॉर्ज बुश यांच्या सख्ख्या भावासमोर, जेब बुश यांच्यासमोर, सांगितले. सभागृहाने त्यांची हुर्यो उडविली. आता हा माणूस या राज्यात संपला, असे अनेक जाणकारांना वाटले. आठवडाभराने ट्रम्प यांनी ते राज्य जिंकले, तिथले सर्व ५० प्रतिनिधी मिळविले, आणि जेब बुश यांनी त्याच रात्री माघार घेतली.

याचे श्रेय मी एकट्या पॉल यांना देणार नाही. मधल्या काळात युद्धाचा खर्च, परतलेल्या जखमी सैनिकांची कुटुंबे आणि २००८ चे आर्थिक संकट यांनी पक्षाच्या मतदाराचे मन बदलले होते. पॉल यांनी केले ते एवढेच की, हे युद्ध चुकीचे होते हे वाक्य रिपब्लिकन मंचावर उच्चारता येते हे दाखवून दिले. त्याचा लाभ मात्र ज्याने उचलला त्याची त्या वाक्यावर निष्ठा होती असेही नाही. युद्धाला सुरुवातीपासून विरोध होता, असे ट्रम्प सांगत असले, तरी सप्टेंबर २००२ मध्ये एका रेडिओ मुलाखतीत त्यांनी, काहीसे आढेवेढे घेत का होईना, होकारच दिला होता. ज्याने मत देऊन किंमत मोजली तो मागे राहिला, आणि ज्याला वारा कुठला आहे हे वेळेवर कळले तो पुढे गेला.

पॉल यांच्याविषयी आदर व्यक्त करताना एक गोष्ट झाकून ठेवणे अयोग्य होईल. त्यांच्या नावाने पूर्वी निघणाऱ्या वार्तापत्रांतील कृष्णवर्णीयांविषयीचा अत्यंत हीन मजकूर जानेवारी २००८ मध्ये पुन्हा चर्चेत आला. तो आपण लिहिला नाही, असे त्यांनी सांगितले; पण आपल्या नावाने काय छापले जाते याकडे त्यांनी लक्ष दिले नाही, एवढे तरी त्यातून सिद्ध होतेच. एका विषयावर निर्भीडपणे खरे बोलणारा माणूस सगळ्याच विषयांवर विश्वासार्ह असतो, असे समजण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी अमेरिकेत मतदार आहे. वीस-वीस जण मंचावर आले की कोणालाच धड बोलता येत नाही. निवडून येण्याची शक्यता नसलेल्यांना आधीच वगळले तर काय बिघडेल? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : गर्दीची अडचण खरी आहे. २०१५ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे सतरा इच्छुक होते. क्लीव्हलँडच्या पहिल्या सभेत जनमत चाचण्यांतील पहिल्या दहांना मुख्य वेळ मिळाली आणि उरलेल्यांना संध्याकाळची दुय्यम सभा. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या सभेसाठी वेगळा निकष लावला : तीन चाचण्यांत किमान एक टक्का, अथवा ६५,००० देणगीदार. मला दुसरा मार्ग अधिक न्याय्य वाटतो, कारण चाचणीत नाव यायला आधी टीव्हीवर दिसावे लागते आणि टीव्हीवर दिसायला चाचणीत नाव यावे लागते. पण त्यालाही वीस जणांची मर्यादा होती आणि जागा अपुऱ्या पडल्यास चाचण्यांना प्राधान्य होते. काही किशोरवयीन मुलांनी चालविलेल्या प्रचारामुळे ८९ वर्षांच्या ग्रॅव्हल यांनी जुलैच्या सभेसाठी तेवढे देणगीदार गाठले, तरीही त्यांना मंच मिळाला नाही.

शिवाय वगळण्याचा अधिकार ज्याच्या हाती जातो तो त्याचा वापर कसा करील, हेही पाहावे लागते. ३ जानेवारी २००८ रोजी आयोवामध्ये पॉल यांना सुमारे १० टक्के मते मिळाली आणि जुलियानींना त्याच्या निम्मीही नाहीत. तीनच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये फॉक्स न्यूजने जी सभा घेतली, तिचे निमंत्रण जुलियानींना होते आणि पॉल यांना नव्हते. त्या राज्यातील रिपब्लिकन पक्ष पॉल यांच्या मतांचा मुळीच नव्हता, पण त्याने निषेध म्हणून त्या सभेचे सहयजमानपद सोडले.