सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच बार्सिलोनाला जातोय. विमानतळ आणि फिरण्याबद्दल काय माहीत असायला हवं?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस, मुंबईहून दोहामार्गे, आणि आईचे गुडघे दुखतात. मी तिथे दोन वर्षं नोकरीला होतो आणि माझे आई-बाबाही येऊन गेले, त्यामुळे गुडघ्यांचा विचार करूनच लिहितो.

आधी टर्मिनल. एल प्रात विमानतळाला टी१ आणि टी२ अशी दोन टर्मिनल्स आहेत, एकमेकांपासून चारेक किलोमीटरवर. मधे हिरवी बस फिरते, फुकट. येताना काही बिघडत नाही, गोची होते ती परतताना. लोकल ट्रेन (आर२ नॉर्ड) फक्त टी२ला जाते. मी एकदा ट्रेनमधून ऐटीत उतरलो आणि बोर्डावर स्वतःचं विमान शोधत बसलो; ते होतं टी१वर. हिरव्या बसमधली ती पंधरा मिनिटं मी घड्याळाकडे बघण्यात काढली. तिकिटावर टर्मिनल बघून ठेवा.

दोहामार्गे जाताय म्हणजे इमिग्रेशन बार्सिलोनातच होईल. (फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेला असतात तर तिथेच झालं असतं.) ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेत वेळ जाऊ शकतो. आईंसाठी व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून घ्या. लाजू नका, चालणं तिथे खरंच भरपूर आहे.

शहरात जायला एरोबुस (विमानतळ ते शहर अशी खास बस) सोपी: टी१हून ए१, टी२हून ए२, प्लासा कतालुन्या या मध्यवर्ती चौकापर्यंत साधारण पस्तीस मिनिटं, माणशी साडेसात युरोच्या आसपास. पण तुम्ही तिघं, वर बॅगा. काळी-पिवळी टॅक्सी (हो, आपल्या मुंबईसारखीच रंगसंगती) साधारण ३५ ते ४० युरोंत हॉटेलच्या दारात सोडते. मी असतो तर टॅक्सीच केली असती. मेट्रोचा मोह नको. विमानतळावरची एल९ मध्यवस्तीत जातच नाही, मधे गाडी बदलावी लागते.

शहरात फिरायला ‘टी-कॅज्युअल’ हे दहा फेऱ्यांचं कार्ड घ्या, साधारण १३ युरो. ते एकट्यापुरतंच असतं, म्हणजे तिघांना तीन. मेट्रोच्या विमानतळ स्टेशनांवर ते चालत नाही, पण ट्रेनमध्ये आणि प्लासा एस्पान्याहून येणाऱ्या ४६ नंबरच्या बसमध्ये चालतं. आणि पासेच दे ग्रासिया स्टेशनवर मेट्रो बदलू नका. एल३ आणि एल४ या दोन मार्गांमधला बोगदा संपता संपत नाही. माझी आई मधेच भिंतीला टेकून म्हणाली, “अरे, हा बोगदा परत मुंबईला निघतो का?” त्यानंतर आम्ही शक्यतो बसनेच फिरलो.

पार्क ग्वेल या टेकडीवरच्या बागेलाही बसनेच जा. लेसेप्स मेट्रोपासून वीसेक मिनिटांचा चढ आहे, तो टाळा. त्या बागेची आणि साग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चची तिकिटं ठरावीक वेळेची असतात. ती घरूनच काढून ठेवा.

आता पाकीटमार. अंगावर कोणी धावून येत नाही, हात सफाईदार असतो. सरकत्या जिन्याच्या टोकाशी पुढचा माणूस चावी पाडतो, वाकतो, मागचे तुमच्यावर येऊन आदळतात, आणि तेवढ्यात मागच्याचं काम झालेलं असतं. दुसरा प्रकार कॅफेतला: कोणीतरी नकाशा उघडून टेबलावर पसरतो, पत्ता विचारतो, नकाशा उचलतो तेव्हा खालचा मोबाइलही गेलेला असतो. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. बाबांना मागच्या खिशात पाकीट ठेवायची सवय असेल तर ती मुंबईतच सोडवा.

शाकाहारी असाल तर ‘सँडविच वेखेताल’ या नावावर जाऊ नका. त्यात बहुधा अंडं आणि ट्यूना मासा निघतो. “मांस नको” म्हटल्यावर हॅमचे (डुकराच्या मांसाचे) तुकडे टाकून आणणारेही भेटतील, कारण हॅम म्हणजे मांस असं त्यांच्या डोक्यातच येत नाही. “नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन” एवढं पाठ करा. टोमॅटो चोळलेला पाव, पातातास ब्रावास (तिखटसर सॉसमधले तळलेले बटाटे), भाजलेल्या वांगी-मिरचीची एस्कालिवादा यांवर चार दिवस मजेत निघतात. फक्त रात्रीचं जेवण नऊशिवाय सुरू होत नाही, म्हणून बाबांसाठी खाकरे न्या.

तुमचं नशीब असं की २४ सप्टेंबरला ला मेर्से, म्हणजे शहराच्या ग्रामदेवतेचा उत्सव असतो. त्या दिवसांत प्लासा सान्त जाउमेच्या चौकात माणसांचे मनोरे रचतात. आपल्या दहीहंडीची आठवण येते, पण हंडी नसते. वर चढलेलं पोर हेल्मेट घातलेलं असतं, ते हात वर करतं आणि दुसऱ्या बाजूने सरसर उतरतं. मनोरा न कोसळता उतरला तरच खरी शाबासकी. बसायला जागा मिळत नाही, आईंना कडेला भिंतीशी उभं करा.

२४ला सुट्टी असते, दुकानं बंद. दूध-पाव आदल्या दिवशीच आणून ठेवा. पाकिस्तानी मंडळींची कोपऱ्यावरची दुकानं मात्र बहुधा उघडी असतात आणि तिथे हिंदी चालतं. माझे बाबा आले होते तेव्हा त्यांनी सगळ्यात जास्त गप्पा तिथेच मारल्या, त्याही कांद्याच्या भावावरून.