जमिनीखालची खनिजे आणि विद्युतचुंबकीय सर्वेक्षण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावाजवळ शेतात तारेचे मोठे चौकोन टाकून सर्वेक्षण झाले. त्या तारेला जमिनीखालचा धातू कसा कळतो?

उत्तर : तारेला धातू कळत नाही, जमिनीची विद्युतवाहकता कळते, आणि हा फरक पक्का समजून घेणे अत्यंत गरजेचे आहे. तारेतून प्रवाह सोडून तो अचानक तोडला की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे खालच्या वाहक खडकात भोवरी प्रवाह (गोल गोल फिरणारे विद्युतप्रवाह) निर्माण होतात. हा फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या प्रवर्तनाचाच परिणाम. त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. ते काही मायक्रोसेकंदांत विरले तर खडक कमी वाहक, आणि कित्येक मिलिसेकंद रेंगाळले तर खाली उत्तम वाहक असण्याची शक्यता असते. चौकोनावरून विजेची तार जात असेल किंवा बांधाला काटेरी तारेचे कुंपण असेल, तर क्षेत्र विरण्याच्या नोंदीच्या आलेखात खोटे चढउतार दिसतात. म्हणून जागा निवडताना आम्ही आधी वर आणि बांधाकडे पाहतो.

प्रश्न : संकेत चांगला आला म्हणजे खनिज सापडले असे समजावे का?

उत्तर : कदापि नाही. ग्राफाइटयुक्त शिस्ट (पापुद्र्यांचा खडक), खारे पाणी आणि चिकणमाती हेही चांगले वाहक असल्याने तसाच संकेत देतात. कॅनडातील ऑन्टारिओमधल्या टिमिन्सजवळ १९५९ च्या हवाई सर्वेक्षणात किड क्रीक येथे असाधारण संकेत मिळाला होता, पण तांबे-जस्ताचा साठा निश्चित होण्यासाठी नोव्हेंबर १९६३ मध्ये घेतलेल्या पहिल्या ड्रिल छिद्राची वाट पाहावी लागली. त्यातही जस्ताचे मुख्य खनिज स्फॅलराइट स्वतः फारसे वाहक नसते. अशा साठ्यांत संकेत येतो तो बहुधा सोबतच्या चाल्कोपायराइट किंवा पिऱ्होटाइट या वाहक सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजांमुळे. विद्युतचुंबकीय नकाशा ड्रिल कुठे लावावा हे सांगतो. खाली काय आहे हे ड्रिलमधून वर आलेला गाभाच (खडकाचा दंडगोल नमुना) सांगतो.

प्रश्न : किती खोलवरचे दिसते?

उत्तर : वारंवारिता (क्षेत्र सेकंदाला किती वेळा बदलते) आणि खडकाचा विद्युतरोध यांवर ते ठरते. १००० हर्ट्झला १०० ओहम-मीटर रोधाच्या खडकात क्षेत्र सुमारे १६० मीटरवर मूळच्या ३७ टक्क्यांवर येते, तर १० ओहम-मीटरच्या ओल्या मातीत ५० मीटरवरच. म्हणूनच जाड, ओल्या मातीखालचा साठा शोधणे अवघड जाते.

प्रश्न : भंडाऱ्यातील मँगनीज किंवा गोव्यातील लोहखनिजासाठी ही पद्धत चालेल का?

उत्तर : मुख्य पद्धत म्हणून नाही. गोव्यातील हेमॅटाइट सल्फाइडांइतके वाहक नसते, आणि मँगनीजसाठी त्याच्या जास्त घनतेचा फायदा घेणारे गुरुत्व सर्वेक्षण अधिक उपयोगी पडते. भूजलासाठी मात्र ही पद्धत आपल्याकडेही वापरली गेली आहे. नागपूर जिल्ह्यात चंद्रभागा पाणलोटात हेलिकॉप्टरमधून असे सर्वेक्षण झाले.

प्रश्न : हातात धरायच्या यंत्राने दोनशे फुटांखालचे सोने दाखवतो, असे एक विक्रेता म्हणतो. यंत्र घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. टनाला चार-पाच ग्रॅम सोने असले तरी खाण चालू शकते, पण तेवढ्या विखुरलेल्या सोन्यामुळे खडकाची वाहकता बदलत नाही. शिवाय हातातल्या लहानशा वेटोळ्याचे क्षेत्र अंतराबरोबर इतक्या झपाट्याने ओसरते की दोनशे फुटांखालून परत येणारा संकेत टिपणे शक्यच नसते. पैसे देण्याआधी जिल्ह्याच्या खनिकर्म कार्यालयात जाऊन विचारावे.